श्रावणातली दुसरी पोथी

उदगीर
७ जुलै २०२५

प्रिय उज्वला,

माझं पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. दोन वर्षांपूर्वी आमचे मालक गेले तेव्हा तू किनवटहून धावत आली होतीस. त्यानंतर आपलं फोनवरच चाललंय, मग आता पत्र कशाला? कारण माझा मोबाईल महांतेशने घेऊन दिलाय, आणि त्यातलं सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवरही दिसेल अशी सोय त्याने हौसेने करून ठेवलीय. मला तुझ्याशी चोरून बोलायचंय.

मला एक पुस्तक हवंय. तेच! हिरव्या कव्हरचं, लातूरकडच्या कुणा बाईने लिहिलेलं. नाव लिहीत नाही, आमच्या गावात सध्या सगळे त्याला ‘ते पुस्तक’च म्हणतात. दोन महिने नुसता गोंधळ चाललाय. वाचनालयात त्याची एकच प्रत होती. हे पुस्तक ठेवू नका, असा अर्ज गेला आणि निर्णय होईपर्यंत प्रत कपाटात कुलूपबंद झाली. अर्ज कुणी केला, विचार. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर नुकतेच निवडून आलेले, मोंढ्यात आडत दुकान असलेले श्रीयुत महांतेश मलप्पा, म्हणजे माझे चिरंजीव! कुलपाची किल्लीही त्याच्याच खिशात.

त्या पुस्तकातली नीलम्मा म्हणे बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडून देत नाही. असल्या पुस्तकांनी घरं फुटतात, हे महांतेशचं म्हणणं. मी विचारलं, “तू वाचलंस का रे?” तर म्हणतो, “अव्वा, त्यात वाचण्यासारखं काय हाय? मला चार जणांनी सांगितलं.”

चार जणांना आणखी चार जणांनी सांगितलं असणार. उज्वला, मला ते वाचायचंय, आणि राखीपौर्णिमेच्या आत वाचायचंय. तेव्हा मला एका कागदावर सही करायची आहे. कसला कागद ते मग सांगेन. तुझ्या वसतिगृहाच्या कपाटात प्रत असेल तर पाठव. पत्ता माझा घालू नकोस, समोरच्या मल्लम्मा आत्याचा घाल. आत्या माझ्या सासऱ्यांची बहीण, ब्याऐंशी वर्षांची, अक्षरओळख नाही. तिच्या नावाने पुस्तक येईल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

तुझी,
दानम्मा

---

किनवट
१२ जुलै २०२५

प्रिय दानू,

बासष्टाव्या वर्षी तुला चोरून पुस्तक वाचायचंय! पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की स्वयंपाकघरातून आमची स्वयंपाकीण पार्वतम्मा बघायला आली. तुझी खोड गेली नाही गं. लातूरला डी.एड.च्या होस्टेलवर बालमानसशास्त्राच्या पुस्तकात कादंबरी घालून वाचायचीस आणि रेक्टरबाई म्हणायच्या, ही मुलगी फार अभ्यासू. जे नको म्हणतील तेच तुला हवं असतं. कागदबिगद काही नाही, निमित्तं आहेत सगळी.

तर ऐक. पुस्तक आहे आणि नाहीही. आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी ते इतकं वाचलं की शिलाई सुटून सगळे फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, मोकळे झाले. सोळा-सोळा पानांचे दहा फर्मे. गेल्या महिन्यात काही मंडळी येऊन म्हणाली, तुमच्याकडे ते पुस्तक आहे असं ऐकतो. मी बोलायच्या आत नववीची आरती उठली आणि ठासून म्हणाली, “न्हाई सर, असलं पुस्तक न्हाई.” मंडळींनी कपाट पाहिलं आणि चहा पिऊन गेली. मग कळलं, दहा मुलींनी एकेक फर्मा आपापल्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला होता. मी अधीक्षक! मी रागवायला हवं होतं. मी दहाही जणींना रव्याचे लाडू दिले.

तेव्हा तुला पुस्तक हप्त्याहप्त्यानेच मिळेल. मुलींची परवानगी घेऊन पहिले तीन फर्मे पाठवतेय. त्यांची अट एकच, वाचून काय वाटलं ते कळवायचं. राखीच्या आत सगळं मिळेलच असा शब्द देत नाही, काहींचं वाचून व्हायचंय.

तुझीच,
उज्वला

---

उदगीर
१९ जुलै २०२५

प्रिय उज्वला,

पुढचे पाठव! आधी ते पाठव आणि मग हे पत्र वाच.

काय बाई आहे गं ही नीलम्मा! भावाला म्हणते, तुझ्या घरचं चोळी-पातळ मला रानाच्या बदल्यात नको, बहीण म्हणून दे. मी भाजी निवडायला बसले होते. ताट मांडीवर तसंच राहिलं आणि मी त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत बसले. अक्षराने, म्हणजे सुनेने विचारलं, “अव्वा, काय वाचून राहिलात?” मी पटकन म्हटलं, “दृष्टांत.” तुला माहीत आहे, श्रावणात आमच्याकडे रोज दुपारी पोथी असते. अध्याय संपला की मी एखादी गोष्ट दृष्टांत म्हणून सांगते. वर्षभर पेपरातली कात्रणं जमवून पोथीच्या फडक्यात ठेवते. तुझे फर्मेही तिथेच ठेवलेत. महांतेश आंघोळीशिवाय त्या फडक्याला हात लावत नाही, तेव्हा घरात त्याहून सुरक्षित जागा नाही.

आता कागदाचं. निमित्त नाही गं ते. मालकांची जमीन आता आम्हा तिघांच्या नावावर लागलीय, महांतेश, सुकन्या आणि मी. राखीला सुकन्या भावाकडे लातूरहून येईल, त्या वेळी तिच्या आणि माझ्या सहीचं हक्कसोडपत्र करायचं ठरलंय. महांतेशने ठरवलंय, आम्हाला कुणी विचारलेलं नाही. तो दुष्ट नाही, हे तुला सांगायला नको. सगळीकडे असंच करतात, म्हणून तोही करतो.

आणि आणखी एक, जे मी तुलाही कधी सांगितलं नाही. एक्क्याण्णव साली मी माझ्या भावाला असाच कागद करून दिला. निलंग्याच्या कचेरीत कारकुनाने बोट ठेवलं तिथे सही केली. मी, जी भेळ बांधून आणलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, तिने तो कागद वाचला नाही! भावाने पैठणी घेतली होती, गाडी बाहेर उभी होती, सगळे हसत होते. वाचायला मागितला असता तर मला भावावर संशय आहे असं झालं असतं. त्याची लाज मला आजही वाटते, जमिनीची नाही, न वाचल्याची.

आता मला वाचून सही करायचीय, किंवा वाचून नाही करायची. कुठली ते अजून ठरत नाही. मुलाच्या समोर उभं राहायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलते. पुढचे फर्मे पाठव.

दानम्मा

---

किनवट
२४ जुलै २०२५

प्रिय दानू,

मला माफ कर. मी चेष्टा करत बसले आणि तू एवढं घेऊन बसली होतीस.

मुलींना तुझं पत्र वाचून दाखवलं, कागदाचा भाग सोडून. भाजीचं ताट ऐकून त्या टाळ्या वाजवत उठल्या! चौथा, पाचवा आणि सहावा फर्मा सोबत आहे. पाचवा एकटी असताना वाच. त्यात नीलम्मा कचेरीत जाते.

तू सही कर किंवा करू नकोस, मी सांगणार नाही. फक्त सुकन्याला काही न सांगता तिच्या हातात पेन जाऊ देऊ नकोस.

उज्वला

---

उदगीर
३० जुलै २०२५

उज्वला, उज्वला, उज्वला!

काय झालं ते ऐक, आणि बसून ऐक.

परवा श्रावणाचा पहिला सोमवार. पोथी तीन दिवसांपूर्वीच लागली होती. त्या दिवशी सकाळपासून मला गरगरत होतं, म्हणून अक्षराला म्हटलं, आजचा अध्याय तू वाच. मी आतल्या खोलीत पडून राहिले. बाहेर वीस-बावीस बायका. अध्याय झाला. मल्लम्मा आत्या म्हणाली, “आता दृष्टांत.” अक्षराने फडकं चाळलं. वर काय होतं? पहिला फर्मा! आणि मीच तिला दृष्टांत म्हणून सांगितलेलं. पोरीने त्याला विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “नीलम्मा बांधावर उभी राहिली तेव्हा…”

मी पलंगावरून उठले ती भिंतीला धरूनच. वाटलं, आता धावत जाऊन हिसकावून घ्यावं. पण कानावर काय आलं? काहीच नाही! त्या बावीस बायका अध्याय चालू असताना वाती वळतात, लेकराला दटावतात, कुकरच्या शिट्ट्या मोजतात. आणि इथे चिडीचूप. आठ पानं झाली आणि अक्षरा थांबली, तर आत्या ओरडली, “अगं थांबलीस कशाला? भाऊ काय म्हणला?”

“उद्या,” अक्षरा म्हणाली.

रात्री मी तिला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, “अव्वा, मला पहिल्या पानावरच कळलं होतं. पण आत्या इतक्या पुढं सरकून बसल्या होत्या, की मला थांबवेना.” मग आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. सात वर्षं ही पोर माझ्या घरात आहे आणि आम्ही दोघी अशा कधी हसलो नव्हतो.

काल तीस जणी आल्या. आज चाळीस. महांतेश दुकानातून आला, चपला काढल्या, प्रसाद घेतला, फडक्यावर डोकं टेकवलं आणि मला म्हणाला, “अव्वा, औंदा पोथीला लई गर्दी हाय. चांगलं झालं.” मी देवाकडे बघत उभी राहिले.

सात, आठ, नऊ, दहा. लवकर.

दानम्मा

---

किनवट
४ ऑगस्ट २०२५

प्रिय दानू,

तुझं पत्र मी जेवणाच्या पंगतीत वाचून दाखवलं आणि महांतेशने डोकं टेकवलं तिथे एका मुलीला ठसका लागला. पार्वतम्मा म्हणते, मला उदगीरला न्या, मी पोथीला बसते.

सात, आठ, नऊ घे. दहावा आरतीच्या ट्रंकेत होता, आणि आरती राखीसाठी गावी गेलीय. ट्रंक उघडून बघितली तर फर्मा नाही. तिने तो बरोबर नेलाय, आईला वाचून दाखवायला. पंधरा तारखेच्या आत परत येईल, आली की लगेच पाठवते.

राखी आली. मी इथे बसून नखं खातेय.

उज्वला

---

उदगीर
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय उज्वला,

आज जरा निवांत झाले, म्हणून लिहितेय.

शनिवारी राखी झाली. सुकन्याने भावाला ओवाळलं, त्याने तिला सुंदर जांभळं पातळ दिलं. एका घासाला दोघं भांडली, लहानपणीसारखी. मी बघत होते आणि तो कागद काही मनातून जात नव्हता. रविवारी महांतेशने वकिलाकडचा कागद आणला. सोमवारी कचेरीत जाऊन फक्त सह्या करायच्या. सुकन्याला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “अव्वा, दादाला नाही कसं म्हणू?” तेच, जे मला एक्क्याण्णव साली वाटलं होतं.

पोथीची वेळ झाली होती, बायका जमल्या होत्या. माझ्या तोंडून शब्द निघाले, मी ठरवलेही नव्हते. म्हटलं, “महांतेश, तो कागद वाचून दाखव.”

“आत्ता? सगळ्यांसमोर?”

“चांगलंच काम हाय न्हवं? मग चार जणींना ऐकू दे.”

त्याला ते पटलं, उज्वला. अभिमानच वाटला त्याला. बहीण राजीखुशीने भावाला जमीन देते, हे गावाने ऐकलेलं कुणाला नको असतं? तो चौरंगाशेजारी बसला, घसा साफ केला आणि वाचू लागला. गट नंबर, चतुःसीमा, नावं. मग आलं, “सदरचा हक्क आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने…”

आणि माझ्यामागून चाळीस बायका एकसुरात म्हणाल्या, “…कोणाच्याही दबावाला बळी न पडता सोडून देत आहोत!”

तुला आठवतं ना? पाचवा फर्मा. नीलम्मापुढे कारकून हेच वाक्य तीनदा वाचतो. अक्षराने ते मंगळवारी वाचलं होतं आणि तेव्हा बायका हसून हसून लोळल्या होत्या. आता कुणी हसत नव्हतं. महांतेशने कागदावरून वर पाहिलं. “हे तुम्हाला कसं ठाऊक?”

आत्या म्हणाली, “पोथीत आलंय की.”

मग त्याने फडकं उघडलं. हाताला पहिलं पान लागलं आणि वर छापलेलं पुस्तकाचं नाव त्याला दिसलं. उज्वला, त्याचा चेहरा बघवेना. ओरडला नाही, त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. हळूच म्हणाला, “अव्वा, तू?”

“मी,” म्हटलं. उद्यावर ढकललं नाही. मीच चकित झाले. “मी माझ्या भावाला न वाचता सही करून दिली. तुला वाचून देईन, न्हाईतर देणार न्हाई. सुकन्याचं ती बघंल.”

तो म्हणाला, “आजपासून हे बंद.” आणि आत्या, ब्याऐंशी वर्षांची, काठी टेकून उभी राहिली. “बंद कसं? फडक्यात घातली, विभूती लावली, बेल वाहिला. पोथी लावली की समाप्तीबिगर उठत नसती. घरात अर्धी पोथी ठिवतोस व्हय?”

“आत्या, ही पोथी न्हाई!”

“मग पंधरा दिस डोकं कशावर टेकून राहिलास?”

सुकन्या आतापर्यंत खाली बघत होती. ती म्हणाली, “दादा, माझी सही समाप्तीनंतर. नीलम्मानं काय केलं ते कळू दे आधी.” ती अजून इथेच आहे. सोमवारी कचेरीत कुणी गेलं नाही.

समाप्ती अमावास्येला, बावीस तारखेला. महांतेश माझ्याशी बोलत नाही. पण उज्वला, अक्षरा वाचते तेव्हा तो दुकानातून लवकर येतो आणि बाहेर ओट्यावर वहीत तोंड घालून बसतो. पान काही उलटत नाही.

दहावा फर्मा पाठव. आता तो नसून चालणारच नाही.

दानम्मा

---

किनवट
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय दानू,

मला नाचावं की रडावं कळत नाही, दोन्ही केलं. चाळीस बायका एकसुरात! मुलींनी ते वाक्य पाठ केलंय आणि पाणी भरायलासुद्धा राजीखुशीने, अक्कलहुशारीने जातात.

पण वाईट बातमी. आरती आली नाही. चार दिवस इकडे धो धो चाललंय, तिच्या गावाचा ओढा उतरत नाही. फर्मा पलीकडे आहे. बावीस तारखेच्या आत तो तुझ्यापर्यंत पोचत नाही, मी खूप हिशेब करून पाहिला. मला शेवट माहीत आहे, लिहून पाठवू शकते. पण तुला माझ्या शब्दांत नको असेल. दुसरी प्रत तुझ्या गावात एकच आहे, आणि तिची किल्ली कुणाच्या खिशात आहे ते तूच मला लिहिलं होतंस.

उज्वला

---

उदगीर
३० ऑगस्ट २०२५

प्रिय उज्वला,

तुझं पत्र एकवीस तारखेला आलं. मी ते जेवणानंतर महांतेशच्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. त्याने वाचलं. मग हाक आली, “आत्या खरंच म्हणतात का, समाप्ती राहिली तर बरं नसतं?”

“मी काय सांगू? तू आत्याला विचार.”

आत्याला विचारायला तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून वाचनालयात गेला. तिथले ग्रंथपाल सुदर्शन अगदी नियमाचे! म्हणाले, हरकत लेखी आहे, ती लेखी मागे घेतल्याशिवाय पुस्तक देता येत नाही. चिरंजीवांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. ‘मी सदर पुस्तक वाचलेले नसल्याने हरकत मागे घेत आहे.’ मग स्वतःच्या किल्लीने कपाट उघडलं आणि स्वतःच्या कार्डावर पुस्तक घेतलं.

तिथवर तुला ठीक वाटेल. पुढचं ऐक! आत्या फडकं घेऊन वाचनालयाच्या दारात जाऊन उभी. पुस्तक पिशवीत घालून तो निघाला, तर म्हणते, “पोथी पिशवीतून आणतात व्हय? डोक्यावरून आण.” आणि आमचा महांतेश, कार्यकारिणी सदस्य, ते हिरव्या कव्हरचं पुस्तक फडक्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन मोंढ्यातून घरी आला! पोळ्याचा दिवस, सगळा बाजार रस्त्यावर. त्याचे ते चार जणही होते. एकाने विचारलं, “कोणती पोथी, शेठ?” हा म्हणाला, “समाप्तीची,” आणि चालत राहिला. मी ओट्यावरून बघत होते. मालक गेल्यानंतर पहिल्यांदाच मी आनंदाने रडले.

शेवटचा भाग सुरू झाला. अर्ध्यात अक्षराला पुढे वाचवेना. तिने पुस्तक नवऱ्याकडे सरकवलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग वाचू लागला, आधी कागदासारखा, नंतर गोष्टीसारखा. शेवटचं पान तुला ठाऊक आहे, लिहीत नाही. वाचून झाल्यावर कुणी उठलं नाही. आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, “शहाणी होती गं पोर.” मग देवाची आरती, मग साखर-खोबरं.

पंगत उठली तेव्हा सुकन्या म्हणाली, “दादा, आण तो कागद.” महांतेशने सदऱ्याच्या खिशातून काढला. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, अगदी सावकाश. घडी घातली, परत त्याच्या हातात दिला. “वाचला,” म्हणाली. “सही करणार नाही. पुढच्या राखीला मला पातळ मात्र पाहिजे.” महांतेश खाली बघत म्हणाला, “हिरवं घेतो.” त्यावर ती जी हसली, ती मला मिठी मारूनच थांबली.

मी माझी सही केली का, हे तू विचारशीलच. नाही केली. कुणी पुन्हा विचारलंही नाही.

वाचनालयात आता त्या पुस्तकासाठी तेवीस बायकांची नावं आहेत. सगळ्यात वर मल्लम्मा आत्याचं! अक्षर येत नाही तर तुला कशाला, तर म्हणते, “घरात ठिवायला. वाचून दाखवायला तू हाईस की.” पण आधी महांतेशने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. दुकानात मधे मधे गिऱ्हाईक यायचं, तेव्हा खूण म्हणून हाताला लागेल तो कागद पानात घालायचा. काल ग्रंथपालांनी निरोप पाठवला, मुदत संपली, पुढची वाचक थांबलीय. तो पुस्तक द्यायला निघाला तेव्हा मी पाहिलं, हक्कसोडपत्राचा कागद पानांतून बाहेर डोकावत होता.

म्हटलं, “महांतेश, अरे तुझा कागद त्यात राहिलाय.”

त्याने पुस्तक काखेत नीट धरलं, चपला घातल्या आणि म्हणाला, “राहू दे, अव्वा.”

तुझी,
दानम्मा